लाथ मारा, पण पाय परत आणा

सांगलीकडच्या पोराला किक शिकवायची म्हणजे आधी त्याचा एक संस्कार थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. कुणाला पाय लागला तर वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीला न्यायचा, हे आमच्याकडं पोरांच्या हाडात बसलेलं असतं. परवा एका नव्या पोराची किक पार्टनरच्या मांडीवर अशी झकास बसली की आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला. पोरगं लगेच वाकलं, पार्टनरच्या मांडीला हात लावला, छातीकडं नेला, आणि तेवढ्यात पार्टनरनं त्याच्या नाकावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, ठेवून दिला. सगळी जिम हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

खालचं दुकान माझंच. माधवनगर रस्त्याला मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. दिवसभर विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी, संध्याकाळी वरच्या मजल्यावर मॅट. मी मूळचा तायक्वांदोचा, पुढं थायलंडचं मुए थाई आणि मग एमएमएच्या, म्हणजे ठोसे, किक, कुस्ती सगळं चालतं त्या खेळाच्या, नादाला लागलो. त्यामुळं किक हा माझा आवडता विषय आणि पोरं येतात तीही किक बघूनच. मोबाइलवर कुणीतरी गर्रकन फिरून टाच हाणतो, समोरचा आडवा होतो, तेवढी तीस सेकंदं बघून पोरगं माझ्याकडं येतं आणि म्हणतं, सर, हे शिकवा. शिकवतो की. पण पहिल्या फाइटला ते मारायचं नाही, हे पण त्याच दिवशी सांगून टाकतो.

कारण साधं आहे. आपल्या भागात पहिल्या फाइटला समोर कोण उभा असणार? दहातले बरेच तालमीतून आलेले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आले, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं, कुंडलच्या कुस्ती मैदानाला आजही माणूस मावत नाही. अशा मुलखातल्या पोराला बॉक्सिंग येत नसेल, किक तर नसेलच येत, पण हातात आलेला पाय सोडायचा नसतो एवढं त्याला झोपेतही कळतं. आपण कमरेच्या उंचीला किक मारली म्हणजे त्याला एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय धरून पाडायला, खाली वाकायचीही गरज नाही. पाय आपणच नेऊन हातात दिला.

हे मी कितीही तोंडानं सांगितलं तरी पोरांना पटत नाही. म्हणून आप्पांना बोलावतो. आप्पा आमच्या गल्लीतले जुने पैलवान, साठी उलटलेली, गुडघे बोलायला लागलेत, पण मान अजून खांद्याएवढी रुंद. आमचा जो पोरगा पुण्याला पहिली फाइट खेळणार होता त्याला मी म्हटलं, आप्पांच्या बरगडीवर हळू किक मार. त्यानं मारली. आप्पांनी ती अडवली नाही, अंगावर घेतली. आणि इथं नीट बघण्यासारखं आहे. किक बसली त्याच क्षणी आप्पांचा डावा हात वरून खाली आला, पोराची पोटरी काखेत गेली आणि काख बंद झाली. हात पायाच्या मागं धावलाच नाही, पाय आला तिथं तो आधीच होता. मग आप्पा अर्धं पाऊल पुढं सरकले, म्हणजे पोरगं एका पायावर उड्या मारत मागं. तिसरी उडी पडायच्या आत आप्पांच्या उजव्या पायानं टेकलेल्या पायाची टाच आतून उचलली. पोरगं पाठीवर आणि आप्पा वर, श्वाससुद्धा न चढता.

"पाय दिलास की गेलास, लेका," आप्पा उठता उठता म्हणाले. "मास्तर, ह्याला आधी पाय परत आणायला शिकवा. मारायचं बघू मागनं."

गंमत म्हणजे हे त्या पोराला दुसऱ्या कुणाहीपेक्षा लवकर कळायला हवं होतं. पोरगा वाळवा तालुक्यातला, कबड्डीतला चढाईपटू. समोरच्याच्या मैदानात पाय टाकायचा, टच करायचा आणि घोटा पकडला जायच्या आत मध्यरेषेकडं परतायचं, हेच त्यानं आयुष्यभर केलेलं. मी त्याला म्हटलं, तू फाइटला किक मारायची नाहीस, चढाई करायची. टच केलास आणि परत आलास तर गुण. टच जोरात झाला पण पकड झाली तर तू बाद. त्या दिवसापासून त्याच्या किकला घाई राहिली नाही आणि परतीला आळस राहिला नाही. आतापर्यंत मी शिकवलेलं जे काही कामी आलं असेल त्यात हे वाक्य वरचं.

पहिल्या फाइटला आम्ही दोनच किक ठरवल्या. तिसरी राखीव.

पहिली ‘टीप’ नावाची, म्हणजे पुढच्या पायानं समोरून पोटात ढकलायची किक. पोरांना ही आवडत नाही, दिसायला काहीच नसते. पण समोरचा तुमच्या पायात घुसायला निघाला की त्याला एक पाऊल पुढं टाकावंच लागतं, आणि टीप त्याच पावलावर त्याला थांबवते. गुडघा आधी छातीकडं उचलायचा, मग चवड्यानं ढकलायचं, बेंबीच्या आसपास किंवा कमरेच्या हाडावर. बोटं वर ओढलेली हवीत, नाहीतर अंगठा मोडून घ्याल. छातीवर मारली तर घामानं पाय सटकतो आणि आपणच पुढं तोल जाऊन त्याच्या मिठीत पडतो. आणि गुडघा ज्या वाटेनं वर आला त्याच वाटेनं परत. पाय ढकलून झाल्यावर तिथंच खाली टाकून दिला तर आपण वाकडे उभे राहतो, मग पुढचा पट त्याला फुकटात.

एक सांगतो, वाकून खाली आलेल्या पैलवानाला टीप मारू नका. तो कमरेत वाकला की वेळ गेली. तेव्हा कंबर मागं फेकायची आणि त्याच्या मानेवर वजन टाकायचं. टीप त्याच्या आधीची.

दुसरी पोटरीवरची किक, काफ किक. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक नस बारीक हाडाला वळसा घालून पायात उतरते. तिथं तिच्यावर मांस फार नसतं. पंजा वर उचलायचं काम त्या नसेचं, त्यामुळं तिथं दोन-चार किक नीट बसल्या तर समोरच्याचा पंजा ऐकेनासा होतो, पाय टाकला की घोटा वळतो. 2021 च्या जानेवारीत अबुधाबीला एमएमएतल्या डस्टिन पॉरियेनं कॉनर मॅकग्रेगरला असंच खिळखिळं केलं. मॅकग्रेगर पुढच्या पायावर भार देऊन रुंद उभा राहणारा. पॉरियेनं तो पाय खाऊन टाकला आणि दुसऱ्या राउंडला हातानं संपवलं. लोकांना शेवटचे ठोसे आठवतात.

आपल्यासाठी हिचा मोठा फायदा वेगळाच आहे. ती इतकी खाली बसते की उभ्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही, त्यामुळं पाय काखेत जायची भीती कमी. भीती दुसरी असते. आपण एका पायावर असताना तो नेमका आत घुसला तर? म्हणून ती कधीच एकटी जात नाही. आधी जॅब, मग क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, त्याचे हात वर, डोकं मागं, टाचांवर भार, आणि मग किक. टाचांवर गेलेला माणूस त्या क्षणाला पट काढू शकत नाही. पटासाठी चवड्यावर यावं लागतं. हे एक ओळखायला शिकलात तर किक कधी मारायची याचं निम्मं उत्तर मिळालं: समोरचा मागं जात असताना, ढकलला गेल्यावर, किंवा मिठी सुटून दोघं वेगळे होताना. तो पुढं येत असताना मारायची नाही.

आणि कुठल्या पायानं, हे पण बघा. दोघंही डावा पाय पुढं ठेवून उभे असाल तर आपला मागचा उजवा पाय त्याच्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूला बरोबर बसतो. पण तालमीतली बरीच पोरं उजवा पाय पुढं ठेवतात. तिथं उजवी किक त्याच्या पायाच्या आतल्या बाजूला लागणार, नस राहिली बाहेर. बाहेरून मारायची तर आपल्या पुढच्या डाव्या पायानं मारावी लागते, आणि डावा पाय बहुतेकांचा नुसता उभं राहायला असतो. आमचा पोरगाही त्यातलाच. त्याला आठवडे लागले.

मारायचं नडगीनं, पायाच्या पाठीनं नाही. तायक्वांदोतून आलेल्यांची ही खोड जात नाही. तिथं पायाच्या पाठीनं चटका दिला की गुण मिळतो, समोर छातीला गार्ड असतो. इथं त्याच पायाच्या पाठीखाली समोरच्याचं कोपर किंवा गुडघा आला तर पाय तव्यावरच्या भाकरीसारखा फुगतो आणि उरलेली फाइट त्याच पायावर उभं राहून खेळायची असते.

नडगीचीही हमी नाही म्हणा. अँडरसन सिल्वासारखा माणूस, 2013 च्या डिसेंबरात लास वेगासला त्यानं लो किक, म्हणजे समोरच्याच्या पायावरची खालची किक, मारली, ख्रिस वाइडमननं गुडघा उचलून ती अडवली आणि सिल्वाची नडगी मोडली. 2021 च्या एप्रिलमध्ये त्याच वाइडमननं युराया हॉलला पहिलीच किक मारली, ती अडवली गेली आणि वाइडमनचा पाय तसाच मोडला, फाइट सुरू होऊन 17 सेकंद झाली होती. हौशी स्पर्धांत बहुतेक ठिकाणी शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचे गार्ड, असतात म्हणून इतकं घाबरायचं कारण नाही. पण आधी हाताचा धाक न दाखवता, ताकद लावून, उघडी लो किक मारायची नाही हे तेवढ्यावरून कळावं. शिनगार्डचीही दुसरी बाजू आहेच. कापडी गार्ड घामानं भिजला तरी उघड्या नडगीपेक्षा धरायला सोपा जातो, आप्पांनीच ते दाखवलं.

राखीव तिसरी म्हणजे पोटावरची किक, बॉडी किक. हिला अट. समोरच्याची पाठ केजला, म्हणजे फाइटच्या जाळीच्या पिंजऱ्याला, लागलेली असेल किंवा तो तोंडानं श्वास घेत असेल तरच. आप्पांनी जी पकडली ती हीच.

हेड किकबद्दल पोरांशी वाद होतोच. सर, लिऑन एडवर्ड्स! हो, एडवर्ड्स. 2022 च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीला कमारू उस्मानसारख्या कुस्तीवाल्याला त्यानं डाव्या पायानं झोपवलं. पण कधी? पाचव्या राउंडला, शेवटचं मिनिट उरलेलं असताना. आणि कसं? आधी हाताचा धाक दाखवला, उस्मानचं डोकं बाजूला सरकलं, आणि सरकलेल्या डोक्याच्या वाटेवर पाय आला. तोवर उस्मान गुणांवर पुढं होता. म्हणजे त्या एका किकच्या आधी जवळजवळ पाच राउंड तग धरलेला होता. पहिल्या फाइटला पहिल्याच मिनिटात हेड किक मारणारं पोरगं एडवर्ड्स नसतं, घाबरलेलं असतं. घाबरल्यावर माणूस सगळ्यात मोठं हत्यार आधी काढतो. पहिल्या फाइटचा पहिला मिनिटच असा असतो की दम छातीत नसतो, कुठंतरी गळ्यात अडकलेला असतो, आणि पाच मोठ्या किक मारल्या की मांड्या शिसं झाल्यासारख्या होतात. हौशी फाइट सहसा तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड. घरी बसून बघणाऱ्याला कमी वाटतात.

पाय पकडला गेलाच तर? पोरं सरळ मागं ओढतात. पैलवानाच्या काखेतून पाय ओढून निघत नाही. आप्पांचं म्हणणं, पाय गेला की डोकं धर. म्हणजे एक हात त्याच्या मानेमागं टाकून डोकं खाली दाबायचं, अंग त्याच्याजवळच ठेवायचं, कारण लांब गेलात की तो टेकलेला पाय झाडणार. मग पकडलेल्या पायाचा गुडघा आतल्या बाजूला, जमिनीकडं वळवायचा, बोटं खाली, पाय सैल सोडायचा आणि तसाच घसरवत काढायचा. ताठ पाय अडकतो, सैल सुटतो. एमएमएत त्या वेळी मोकळ्या हातानं ठोसा मारता येतो, ही आपली जमेची बाजू. रोज सरावाच्या शेवटी, पोरं दमलेली असताना, हेच घ्यायचो. एक जण पाय धरून मॅटभर हिंडवणार, दुसरा एका पायावर नाचत सोडवणार. बघणाऱ्याला लंगडीचा खेळ वाटतो.

बाकीचं पटकन सांगतो. क्रिकेटच्या दुकानातला गार्ड चड्डीत खोचून जाऊ नका, पहिल्याच किकला तो जागा सोडतो. पट्ट्यांनी घट्ट बसणारा घ्या. आपली आतली लो किक समोरच्याच्या जांघेत गेली तर तो फाउल, आणि पुन्हा गेली तर गुण जाऊ शकतो, म्हणून आतून मारायची तर गुडघ्याच्या खालीच. नियमांची बैठक असते तिथं झोपू नका. समोरचा गुडघ्यावर किंवा खाली पडलेला असताना डोक्यात किक चालत नाही. पैलवान अडचणीत आला की सवयीनं पालथा पडून जमीन धरतो, आणि आपल्याला तिथं पाय उचलायचा मोह होतो. एक मोह आणि फाइट बाद. आणि गुडघ्याच्या वाटीवर सरळ हाणायची किक मी कुणालाच शिकवत नाही, कुठल्या नियमात बसो वा न बसो. ह्या पोरांना उद्या कारखान्यात, शेतात, पोलीस भरतीच्या मैदानात त्याच गुडघ्यांवर उभं राहायचंय.

स्पर्धेच्या हॉलमध्ये सकाळी वजन होतं आणि नाव दुपारी कधीतरी पुकारतात. तोवर पोरगं खुर्चीवर बसून थंड पडतं. थंड अंगानं उंच किक मारली की मांडीची मागची शीर धरते. आपल्या आधी दोन फाइट उरल्या की उठवायचं, घाम काढायचा.

आता पुण्याची फाइट. समोरचा कराडकडचा, अपेक्षेप्रमाणं पैलवान, उजवा पाय पुढं. पहिल्या राउंडला आमच्या पोराची टीप पोटावर घसरली पण त्यानं अर्धं काम केलं, समोरचा लांबून आला तो थांबला. दुसऱ्यांदा मात्र टीपेच्या आधीच आत घुसला, केजला दाबलं आणि खाली पाडलं. राउंड गेला. कॉर्नरला मी एवढंच म्हटलं, चढाई कर. दुसऱ्या राउंडला जॅब, क्रॉस, डाव्या पायानं पोटरीवर किक, आणि मागं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा किक बसली तेव्हा समोरच्यानं पाय बदलला, डावा पुढं घेतला. आयुष्यभर उजवा पुढं ठेवून खेळलेला माणूस उलटा उभा राहिला की त्याचा पट निम्मा होतो. तो राउंड आमचा. एकदा पाय पकडला गेला, पोरानं डोकं धरलं, गुडघा वळवला, पाय निघाला. मागं गर्दीत कुणीतरी ओरडलं, "अरे सुटला की!"

तिसरा राउंड चुरशीचा झाला आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटातल्या एका टेकडाऊननं त्यांच्याकडं गेला. पंचांचा निकाल विभागून, कराडच्या बाजूनं. मला मान्य आहे. पाडलं त्यानं, पडलो आम्ही. पोराचे वडील परतीच्या गाडीत पेठ नाक्यापर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सर, ते पोटरीवर मारत होता ते आधीपासनं का नाही मारलं?" प्रश्न रास्त होता. पहिल्या राउंडला पोराला स्वतःचे पाय कुठं आहेत हेच कळत नव्हतं, पहिली फाइट अशीच असते, हे मी सांगितलं. त्यांना किती पटलं देव जाणे.

तिसऱ्या राउंडला मिठी सुटून दोघं वेगळे झाले तेव्हा समोरच्याची पाठ केजला होती, तोंड उघडं होतं, हात खाली आले होते. राखीव किकची वेळ ती. पोरानं जॅब मारला. व्हिडिओत ती जागा आम्ही थांबवून बघितली. तो म्हणाला, दिसलं होतं सर, पण पाय उचलला नाही. आता गावच्या संघाच्या मॅच आहेत, तो महिनाभर कबड्डीतच राहील. आल्यावर पॅडवर हेच घ्यायचंय: मिठी, ढकल, बॉडी किक, आणि काखेत द्यायला आप्पा आहेतच.